दोघांची तपासणी

झाशीच्या जुन्या शहरात मानिक चौक नावाची एक गजबजलेली बाजारपेठ आहे. ओरछा, दतिया, सागर, भांडेर अशा भोवतालच्या गावांची नावे धारण करणाऱ्या वेशींच्या आत हे शहर वसले, आणि त्याच्या जडणघडणीत मराठी माणसाचा हात मोठा होता. १७४२ साली नारोशंकर पेशव्यांचा सुभेदार म्हणून झाशीस आला. त्याने किल्ला वाढवला, वस्ती वसवली. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे गेली, आणि १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर व मनकर्णिका तांबे ह्यांचे लग्न ह्याच शहरात लागले. विवाह म्हणजे केवळ दोन जीवांची गाठ नव्हे, ती दोन कुळांची सोयरीक होय, ही समजूत बरोबर घेऊन मराठी कुटुंबे बुंदेलखंडात आली. तेथील घरांतही ती तितकीच मुरलेली होती. त्यामुळे ह्या बाबतीत कोणालाच काही नवे शिकावे लागले नाही.

लग्नसराईच्या दिवसांत अशा बाजारपेठांतून फिरणारी माणसे पाहावीत. बस्ता बांधताना कापडाचा पोत हाताने पारखला जातो, दागिन्याचा कस पाहिला जातो. त्यापूर्वी घरी पत्रिका जुळवून झालेल्या असतात. गोत्र, नाड, गुण ह्यांचा मेळ बसलेला असतो. मुलाची नोकरी, मुलीचे शिक्षण, दोन्ही घरांची अब्रू ह्यांची आडून आडून चौकशी झालेली असते. पारख इतकी बारकाईने होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. एका गोष्टीची मात्र बहुधा कोणी विचारपूस करीत नाही. ती गोष्ट म्हणजे दोघांचे रक्त. एच.आय.व्ही. नावाचा विषाणू त्या रक्तात आहे की नाही, हा प्रश्न ना बैठकीत निघतो, ना पुढे संसारात. निघालाच तर तो दोघांपैकी एकालाच विचारला जातो, आणि तोही आरोपाच्या स्वरात.

असे का व्हावे? ह्याचे उत्तर केवळ लज्जेत सापडणार नाही. ते इतिहासात शोधावे लागते. स्त्रीपुरुषसंबंधातून पसरणाऱ्या रोगांच्या तपासणीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते. रोग दोघांमधला, परंतु तपासणी एकाची. आणि ज्याची तपासणी, त्याच्या माथी दोष. ही विसंगती कशी निर्माण झाली, तिने काय अनर्थ केले, आणि ती दूर करण्याचा मार्ग अलीकडच्या काळात कसा सापडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

ह्या कथेचा आरंभ इंग्रजांच्या छावण्यांत होतो. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या वाढली, आणि त्यांच्यातील गुप्तरोगांचे प्रमाण पाहून सरकार धास्तावले. १८६४ साली छावण्यांसाठी कायदा झाला, आणि १८६८ साली मोठ्या शहरांसाठी सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. ह्या कायद्यांनी वेश्यांची नोंदणी सक्तीची केली. ठराविक मुदतीने त्यांची शारीरिक तपासणी होई, आणि रोगाचा संशय आला की त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयात कोंडून ठेवले जाई. झाशीसारखे छावणीचे गाव असो की मुंबईसारखे बंदर, कारभाऱ्यांची दृष्टी एकच होती. रोग शिपायाला होतो, पण त्याचे मूळ स्त्रीत आहे, अशी ती दृष्टी. शिपायांची तशीच सक्तीची तपासणी करावी हा विचार मात्र मागे पडला, कारण त्यामुळे शिपायाच्या स्वाभिमानाला धक्का बसतो असे मानले गेले. स्त्रीलाही स्वाभिमान असतो, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आली नाही.

ह्या अन्यायाविरुद्ध इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर ह्या बाईंनी मोठी चळवळ उभारली. तेथील कायदे १८८६ साली रद्द झाले, आणि १८८८ साली हिंदुस्थानातील कायदाही मागे घेण्यात आला. कायदा गेला, तरी त्याने रुजवलेली कल्पना गेली नाही. तपासणी म्हणजे संशयिताची झडती, आणि संशयित म्हणजे स्त्री, हे समीकरण लोकांच्या मनात घर करून राहिले. त्याचबरोबर दुसरीही एक समजूत दृढ झाली. असला रोग ‘तसल्या’ बायकांचा. कुलीन घराच्या उंबरठ्याच्या आत तो येत नाही, अशी ती समजूत होती. वस्तुतः छावणीतला शिपाई काय किंवा गिरणीतला कामगार काय, तो केव्हा ना केव्हा घरी परत येतोच. त्याच्याबरोबर रोगही उंबरठा ओलांडतो. पण घरात आलेल्या रोगाला नाव नसे. बायकोला वारंवार गर्भपात होत, मुले जन्मतः दुर्बळ निपजत, आणि घरातली वडीलधारी माणसे त्या स्त्रीलाच पांढऱ्या पायाची म्हणून मोकळी होत.

विसाव्या शतकाच्या आरंभी विज्ञानाने एक मोठी झेप घेतली. १९०६ साली जर्मनीत वासरमान ह्या शास्त्रज्ञाने उपदंशासाठी रक्ताची परीक्षा शोधून काढली. आता बाह्य लक्षणांवर विसंबण्याचे कारण उरले नाही. वरून निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या शरीरातील रोगही रक्तावरून ओळखता येऊ लागला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९३५ साली लग्नापूर्वी वधू आणि वर ह्या दोघांचेही रक्त तपासलेच पाहिजे असा कायदा केला, आणि अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. महाराष्ट्रात ह्या विषयावर निर्भयपणे लिहिणारा माणूस एकच निघाला. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांसंबंधीही त्यांनी संकोच न बाळगता लिहिले. त्याबद्दल त्यांना खटले सोसावे लागले, लोकांची अवहेलना सोसावी लागली. झाकून ठेवल्याने रोग बरा होत नाही, एवढे साधे सत्य सांगण्याची ती किंमत होती.

पेनिसिलिन आले आणि उपदंशाची भीती ओसरली. जुने प्रश्न सुटले असे वाटू लागले असतानाच १९८१ साली अमेरिकेत एका नव्या रोगाची नोंद झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला, आणि १९८५ साली रक्तातील प्रतिपिंडांवरून तो ओळखण्याची एलायझा नावाची परीक्षा उपलब्ध झाली. हाच तो एच.आय.व्ही. लागण झाल्यावर वर्षानुवर्षे माणूस धडधाकट दिसतो, हिंडतो फिरतो, संसार करतो. आणि त्या काळात त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. चेहरा पाहून, वागणूक पाहून, कूळ पाहून हा विषाणू ओळखता येत नाही. तो ओळखण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे रक्ताची तपासणी.

भारतात ह्या विषाणूचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रास येथे मिळाला. डॉ. सुनीती सॉलोमन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या सेल्लप्पन निर्मला ह्या विद्यार्थिनीने वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, आणि त्यांतील काहींत विषाणूचे अस्तित्व आढळले. शास्त्रीय दृष्टीने ही कामगिरी फार मोठी होती. तथापि, समाजाने तिच्यातून काढलेला अर्थ जुनाच होता. नोंद झाली ती त्या स्त्रियांची. ज्यांच्याकडून तो विषाणू त्यांच्यापर्यंत पोहोचला, त्या पुरुषांची नव्हे. छावणीतले जुने समीकरण शंभर वर्षांनी पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले.

पुरुष ह्या तडाख्यातून सर्वस्वी सुटला असे मात्र नाही. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमाने रक्तदान करणारा होता. दान केलेल्या रक्तात विषाणू आढळला म्हणून १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला पोलिसांकरवी म्हापसा येथे नेण्यात आले आणि क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका जुन्या इमारतीत चौसष्ट दिवस एकट्याला कोंडून ठेवण्यात आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात त्यावेळी तशी तरतूदच होती. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, त्याने अशा रुग्णांसाठी संस्था उभारली, आणि १९९२ साली तो मरण पावला. ही हकीकत देशभर पसरली, आणि तिचा परिणाम असा झाला की रक्त तपासून घेणे म्हणजे कोठडीचे दार ठोठावणे, असे लोकांना वाटू लागले. जो तो तपासणीपासून दूर पळू लागला.

अशा वातावरणात पुण्यातून एक बातमी आली, आणि तिने सभ्य समाजाची झोप उडवावयास हवी होती. १९९२ साली पुण्याला भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली होती. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे १९९३ ते जुलै १९९६ ह्या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायातील नव्हत्या. त्यांतील बहुतेक लग्न झालेल्या, संसारी, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. ह्या स्त्रियांत विषाणूची लागण किती जणींना झालेली आढळावी? शेकडा १३.६. १९९७ साली हे निष्कर्ष अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचा अर्थ स्पष्ट होता. ह्या स्त्रियांचा धोका त्यांच्या स्वतःच्या वर्तनात नव्हता. तो त्यांच्या नवऱ्याच्या आजारात होता. पातिव्रत्य हे विषाणूपुढे कवच ठरत नाही. नवऱ्याच्या रक्तात काय आहे हे ठाऊक असणे, हेच त्या स्त्रीचे खरे कवच ठरले असते. आणि तेच तिला कोणी दिले नव्हते.

त्यानंतरच्या काळात सरकारने तपासणीची केंद्रे उघडली. गरोदर मातेकडून बाळाला होणारी लागण औषधाने टाळता येते हे सिद्ध झाले होते. काहीच उपाय न केल्यास अशा मातांच्या शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. योग्य उपचार केल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. म्हणून २००० साली निवडक रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. ह्या योजनेने असंख्य बालके वाचवली, ह्यात शंका नाही. परंतु तिच्यातून एक नवा पेच निर्माण झाला. घरात पहिली तपासणी होई ती सुनेची, कारण दवाखान्यात जात असे ती सून. तिच्या रक्तात दोष आढळला की ती बातमी घेऊन तिने एकटीने घरी जायचे, आणि नवऱ्याला व सासूला सांगायचे. ज्याच्याकडून लागण झाली असण्याचा संभव सर्वांत अधिक, तो नवरा तोपर्यंत तपासलेलाच नसे. साहजिकच ‘हे हिनेच घरात आणले’ असा निवाडा एका क्षणात होऊन जाई. कित्येक स्त्रियांची माहेरी पाठवणी झाली. कित्येकींना नवऱ्याच्या मृत्यूनंतर घराबाहेर काढण्यात आले. काहींनी हा प्रसंग ओळखून मौन पत्करले, आणि औषधाच्या गोळ्या पदराखाली लपवून घेतल्या. तपासणी अचूक होती. तिची रीत मात्र अपुरी होती.

मग सक्ती करावी काय? हा विचार अनेकांना सुचला. लग्नापूर्वी दोघांचीही तपासणी कायद्याने बंधनकारक केली की प्रश्न मिटला, असे वरवर वाटते. पण हा प्रयोगही करून झालेला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १ जानेवारी १९८८ पासून तसा कायदा अमलात आणला. पहिल्या सहा महिन्यांत लग्नाचा परवाना मागणाऱ्या ७०,८४६ जणांची तपासणी झाली, आणि लागण सापडली ती केवळ आठ जणांना. दरम्यान त्या राज्यातील लग्नांचे परवाने शेकडा साडेबावीसने घटले, कारण तपासणी चुकवण्यासाठी जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न लावू लागली. दुसऱ्याच वर्षी कायदा रद्द करावा लागला. आपल्याकडे गोव्यात २००६ साली आणि पुन्हा २०१९ साली असा विचार जाहीरपणे मांडला गेला. सक्तीची उणीव केवळ पळवाटांत नाही. लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत ती दिसत नाही, म्हणून लग्नाआधीचा एक कागद जन्मभराची हमी देऊ शकत नाही. शिवाय ज्याचे रक्त सदोष निघेल त्याचे नाव गावभर होणार, ही भीती सक्तीने वाढते. कमी होत नाही.

न्यायालयांनाही हा पेच चुकला नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे म्हटले की, रुग्णाची ही माहिती त्याच्या भावी वधूच्या घरी कळली ह्यात रुग्णालयाचा दोष नाही. त्याच निकालात अशा माणसाच्या विवाहाच्या हक्कालाही स्थगिती असल्याचे मत व्यक्त झाले. २००२ साली न्यायालयाने हे शेवटचे मत त्या प्रकरणात अनावश्यक होते असे ठरवून बाजूस सारले. एका बाजूस रुग्णाची गुप्तता आणि दुसऱ्या बाजूस जोडीदाराचे प्राण, अशी ही ओढाताण होती. ह्या ओढाताणीतून सुटण्याचा एक मार्ग होता. तो म्हणजे माहिती दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत आणि दोघांच्याही संमतीने कळावी असा. त्या मार्गाची सुरुवात फार दूर, मध्य आफ्रिकेत झाली.

रुआंडा ह्या छोट्या देशाची राजधानी किगाली. तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. सुझन अ‍ॅलन ह्यांनी गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू केली होती. पण त्यांनी एक निराळी गोष्ट केली. त्यांनी नवऱ्यांनाही बोलावणे धाडले. नवरा-बायको दोघे एकत्र बसत. रोग कसा पसरतो, कसा पसरत नाही, हे दोघे एकत्र ऐकत. रक्त दोघांचेही घेतले जाई, आणि निकाल दोघांसमोर सांगितला जाई. ज्या जोडप्यांत एकाला लागण होती आणि दुसऱ्याला नव्हती, अशा ५३ जोडप्यांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील निरोधचा वापर वर्षभरात शेकडा चारावरून सत्तावनपर्यंत गेला होता. १९९४ साली रुआंडात भीषण नरसंहार झाला आणि काम थांबले, तेव्हा डॉ. अ‍ॅलन ह्यांनी ते झांबियाच्या लुसाका शहरात नव्याने सुरू केले. पुढे २००८ साली ह्या दोन्ही देशांतील शहरांविषयी असा हिशेब मांडला गेला की, स्त्रीपुरुषसंबंधातून होणाऱ्या नव्या लागणींपैकी निम्म्याहून अधिक लागणी एकत्र संसार करणाऱ्या जोडप्यांतच होतात. आग लागली होती ती घरात, आणि बंब धावत होते ते बाजारात.

येथे एक वैद्यकीय गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयीच्या अज्ञानाने पुष्कळ संसार मोडले आहेत. नवऱ्याला लागण आहे म्हणजे बायकोला असलीच पाहिजे, किंवा बायकोचे रक्त स्वच्छ आहे म्हणजे नवऱ्याचेही असणारच, असा काही नियम नाही. प्रत्येक संबंधातून लागण होतेच असे नसते. म्हणून वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यांतही एक बाधित आणि एक निरोगी असे आढळते. त्यामुळे एकाच्या तपासणीवरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे हे शास्त्रदृष्ट्या चूक ठरते. त्याचप्रमाणे, कोणाची तपासणी आधी झाली ह्यावरून लागण आधी कोणाला झाली हे मुळीच सिद्ध होत नाही. ‘हिनेच आणले’ ह्या निवाड्याला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही. दोघे एकत्र बसले असता समुपदेशक हीच गोष्ट आरंभी समजावतो. मागे काय झाले ह्याचा पंचनामा करण्यासाठी ही बैठक नाही. पुढे काय करावयाचे ते ठरवण्यासाठी ती आहे, हे तो दोघांकडून कबूल करून घेतो. निकाल तीनपैकी एक असतो. दोघेही निरोगी, दोघेही बाधित, किंवा एक बाधित आणि एक निरोगी. तिन्ही प्रसंगी पुढची वाट आहे. आणि ती वाट दोघांनी मिळून ऐकलेली असल्यामुळे घरी जाऊन कोणालाही एकट्याने काही सांगावे लागत नाही.

ह्या तिसऱ्या प्रकारच्या जोडप्यांनीच पुढे सबंध जगाला एक देणगी दिली, आणि त्या देणगीत पुण्याचा वाटा आहे. २००७ ते २०१० ह्या काळात नऊ देशांतील १७६३ जोडपी एका मोठ्या अभ्यासात सहभागी झाली. भारतातील केंद्रे पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आणि चेन्नईत होती. प्रत्येक जोडप्यात एक बाधित होता आणि दुसरा निरोगी. निम्म्या जोडप्यांतील बाधितांना औषधे लगेच सुरू केली. उरलेल्यांना त्यावेळच्या रीतीप्रमाणे, प्रतिकारशक्ती घटू लागल्यावर. मे २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ लागणींपैकी औषधे लगेच घेणाऱ्यांच्या गटात अवघी एक होती. औषध वेळेवर घेतल्याने जोडीदाराचा धोका शेकडा ९६ ने कमी झाला होता. रुग्णाला वाचवणारी गोळीच त्याच्या जोडीदारालाही वाचवते, हे असे सिद्ध झाले. ह्या अभ्यासात सामील झालेल्या जोडप्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि ती ठाऊक असण्याचे कारणही नाही. परंतु एकमेकांपासून काही न लपवता दवाखान्याची पायरी एकत्र चढण्याचे धैर्य त्यांनी दाखवले नसते, तर हे ज्ञान मानवजातीला लाभले नसते. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, जागतिक आरोग्य संघटनेने जोडप्यांच्या एकत्रित तपासणीसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

भारतात ह्या रोगावरील औषधे सरकारी रुग्णालयांत १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून लागण आढळताच ती सुरू करण्याचे धोरण आहे. नियमाने औषध घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्यापासून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. तो माणूस नोकरी करू शकतो, संसार करू शकतो, निरोगी मुलांना जन्म देऊ शकतो. १९८९ साली तपासणीनंतर कोठडी होती. आज तपासणीनंतर औषध आहे. लोकांच्या मनातले भय मात्र अजून १९८९ च्याच ठिकाणी उभे आहे.

कायद्यानेही मोठा पल्ला गाठला आहे. २०१७ साली संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा सांगतो की, माणसाला सर्व समजावून त्याची संमती घेतल्यावाचून तपासणी करता येणार नाही, आणि त्याची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येणार नाही. जोडीदाराला धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटींवर त्याला सांगू शकतो. पण त्यातही कायद्याने एक शहाणपणाची मर्यादा घातली आहे. सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल अशी सार्थ भीती असेल, आणि विशेषतः ती स्त्रीला असेल, तर सांगू नये. ज्या घरात हात उगारला जातो, त्या घरातील स्त्रीला नवऱ्याबरोबरच चला असा आग्रह धरणे म्हणजे तिला संकटात ढकलणे होय. तिला एकटीने येण्याचा, एकटीने निकाल ऐकण्याचा आणि मग सावकाश विचार करण्याचा पूर्ण हक्क आहे. एकत्र येणे हे आमंत्रण आहे, हुकूम नव्हे. छावणीतल्या कायद्यापासून ह्या कायद्यापर्यंतचे अंतर ह्या एका फरकात सामावलेले आहे.

हे सारे ध्यानात घेऊन पुन्हा झाशीकडे वळावे. दिल्लीहून मुंबईकडे आणि दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग ह्या शहरातून जातो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि सिल्चरपासून पोरबंदरपर्यंत जाणारे देशाचे दोन महामार्ग येथेच एकमेकांना छेदतात. पावसाने दगा दिला की बुंदेलखंडातील पुरुष कामासाठी दिल्ली, सुरत, मुंबई गाठतात, आणि सणासुदीला, लग्नकार्याला परततात. ट्रक चालवणारा, गिरणीत राबणारा, इमारतीवर विटा वाहणारा, असा प्रत्येक माणूस कोणाचा तरी नवरा असतो. त्याच्या गैरहजेरीत संसार ओढणारी बाई त्याच्या येण्याची वाट पाहते; त्याच्याविषयी संशय घ्यावा असे तिला वाटत नाही, आणि वाटले तरी ते बोलून दाखवण्याची सोय नसते. अशा घरात ‘तू तपासून घे’ हे वाक्य भांडणाला निमंत्रण देते. ‘आपण दोघे तपासून घेऊ’ ह्या वाक्यात तो दंश नाही. त्यात आरोपी नाही, फिर्यादी नाही. एका घरातली दोन माणसे आहेत.

हे काम अवघडही नाही. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. देशात कोठूनही १०९७ ह्या क्रमांकावर फोन करून माहिती विचारता येते. झाशीत कानपूर रस्त्यावर महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाने १९६८ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानिक चौकात बस्ता बांधावयास निघालेल्या जोडप्याला तेथे जाऊन येणे म्हणजे एका सकाळचे काम. लग्न ठरलेल्यांनी जावे, लग्नाला दहा वर्षे झालेल्यांनीही जावे. बाळाची चाहूल लागली असेल तर बायकोबरोबर नवऱ्यानेही रांगेत उभे राहावे. तिच्या पोटातील मूल त्याचेही आहे.

मराठी घरांत सप्तपदी चालताना वधूवर सात पावले बरोबरीने टाकतात. दोघांपैकी एकाने सात पावले चालावी आणि दुसऱ्याने ती नुसती पाहावी, असा विधी कोठेही नाही. रक्ताच्या तपासणीचा दीडशे वर्षांचा इतिहास शेवटी एवढेच सांगतो की, जेथे एकालाच चालावयास लावले, तेथे त्याचा बळी गेला आणि रोग मात्र राहिला; जेथे दोघे चालले, तेथे रोग हटू लागला. दवाखान्याच्या दारापर्यंतची ती थोडी पावलेही दोघांनी बरोबरच टाकावीत.